फ्लोरिनयुक्त रीएजंट टिकेल की नाही? आठ महिने डीएफटी वापरल्यानंतर

फ्लोरिनयुक्त रीएजंट (अभिक्रिया घडवण्यासाठी वापरायचे रसायन) बाटलीत किती टिकेल याचा अंदाज आधी संगणकावर घ्यावा आणि मगच तो बनवायला घ्यावा, असे ठरवून मी आठ महिने डीएफटी (रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून त्याची ऊर्जा काढण्याची पद्धत) गणना नेमाने करत आहे. एकाच घडणीच्या रीएजंटांची, उदाहरणार्थ नायट्रोजन-फ्लोरिन बंध असलेल्यांची, आपसांत क्रमवारी लावायला ही पद्धत मला चांगलीच उपयोगी पडली, कारण अशा तुलनेत बऱ्याच चुका परस्पर वजा होतात.

विद्रावकाबाबत मात्र मी सुरुवातीलाच फसलो. ट्रायफ्लुरोमिथिल ऋणायन फुटून डायफ्लुरोकार्बीन आणि फ्लुओराइड होण्याची ऊर्जा मी वायू अवस्थेत काढली, तर ऋणायन भलताच टिकाऊ निघाला. फ्लुओराइड इवलासा असल्याने त्याच्यावरचा भार एकवटलेला असतो आणि विद्रावक त्याला घट्ट धरून ठेवतो, ही गोष्ट त्या गणनेत शिरतच नाही. एसएमडी प्रारूप (विद्रावकाचा परिणाम गणनेत धरणारे) आणि डिफ्यूज फलने, म्हणजे केंद्रकापासून दूर पसरलेले इलेक्ट्रॉन नीट मांडणारी फलने, असलेला बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणारा गणिती फलनांचा संच) घेतल्यावर चित्र पालटले.

टिकण्याचा काळ दिवसांत सांगायची वेळ आली की माझा विश्वास डळमळतो. विघटनाचा अडथळा, म्हणजे विघटन घडायला ओलांडावी लागणारी ऊर्जा, २५ किलोकॅलरी प्रतिमोल असेल, तर २५ अंश सेल्सिअसला अर्धायुष्य सुमारे पावणेतीन दिवस येते. तोच २३ धरला तर जेमतेम दोन तास, आणि २७ धरला तर अडीच महिन्यांहून अधिक. दोन किलोकॅलरींची चूक तर फलनक (डीएफटीत ऊर्जा काढायचे अंदाजे सूत्र) बदलल्यानेही सहज होते.

सगळ्यात मोठा धडा डास्टने (डायइथिलअमिनोसल्फर ट्रायफ्लुओराइड, रेणूंत फ्लोरिन बसवणारा रीएजंट) दिला. एकटा रेणू घेऊन त्याचे बंध तोडून पाहिले, तर काळजी करण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही. प्रत्यक्षात तापवल्यावर दोन रेणू आपसांत फ्लोरिन आणि अमिनो गटाची अदलाबदल करतात, सल्फर टेट्राफ्लुओराइड बाहेर पडतो आणि मागे उरलेला पदार्थ पुढे स्फोटक वेगाने विघटित होतो. सुमारे ९० अंशांच्या वर डास्ट तापवू नये, असे म्हणतात ते यामुळेच. संगणक आपण विचारलेल्याच मार्गाचे उत्तर देतो, न विचारलेल्या मार्गाबद्दल तो गप्प राहतो. आता मी प्रत्येक रीएजंटसाठी द्विरेणवीय मार्गही तपासतो, आणि गणनेचा आकडा कितीही दिलासादायक असला तरी काही मिलिग्रॅमचा डीएससी आलेख (नमुना तापवताना तो किती उष्णता सोडतो किंवा शोषतो हे दाखवणारा) हाती आल्याशिवाय फ्लास्कखाली हीटर लावत नाही.