नाव माहीत नसलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत आवाजावरून शोधताना : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी लॅपटॉपवर ‘एसेन्शिया’ बसवलं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटाचं हे आवाजाचं विश्लेषण करणारं खुलं, मोफत सॉफ्टवेअर. त्याच्यासोबत वापरता येणारं ‘डिस्कॉग्स-इफनेट’ हे आवाज आकड्यांत मांडणारं मॉडेल मला हवं होतं, म्हणजे नावाऐवजी आवाजावरून संगीत शोधता येईल. बसवल्याच्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून थांबले.

मला डब टेक्नो आवडतं. १९९३ साली बर्लिनमध्ये मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी ‘बेसिक चॅनल’ हे लेबल सुरू केलं, त्या वळणाचं : एकच कॉर्ड, तो प्रतिध्वनीत विरघळत जातो आणि खाली किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, शांतपणे चालत राहते. पण मी पैसे भरून वापरत होते ती स्ट्रीमिंग सेवा मला फिरून फिरून त्याच वीस-पंचवीस नावांपाशी आणून सोडायची. अशा शिफारशी बऱ्याच अंशी ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं’ या हिशेबावर चालतात. जे कुणी ऐकलेलंच नाही, ते कुणाच्याच शेजारी येत नाही.

आणि न ऐकलेलं संगीत ढिगाने पडलं आहे. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयात ‘नेटलेबल्स’ नावाचा, म्हणजे नेटवरून संगीत वाटणाऱ्या लेबलांचा, मोठा संग्रह आहे. ‘मोनोटोनिक’सारखी लेबलं १९९६ पासून आपलं संगीत नेटवर फुकट देत होती. २००२ मध्ये आपली कृती मोकळेपणाने वाटू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले आणि अशा लेबलांना बहर आला. जर्मनीच्या ‘थिनर’ने तर डब टेक्नोचा खजिनाच वाटला. यातली पुष्कळ लेबलं पुढे बंद पडली, फाइली मात्र राहिल्या. अडचण शोधण्याची. ट्रॅकवर चिकटवलेला शब्द अनेकदा फक्त ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढाच, आणि कलाकाराचं नाव म्हणजे दोन अक्षरं आणि एक आकडा. अशा ठिकाणी नावाने काय शोधणार?

मी तिथून परवान्यानुसार उतरवता येणारे साधारण ११,००० ट्रॅक उतरवले. मॉडेल प्रत्येक ट्रॅक १६ किलोहर्ट्झवर आणून सुमारे दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि प्रत्येक तुकड्यासाठी १,२८० आकड्यांची एक ओळ देतं. डिस्कॉग्स या तबकड्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या ४०० शैली ओळखायला ते शिकलेलं आहे. पण मला शैलीचं लेबल नको होतं, मला त्या १,२८० आकड्यांतलं अंतर हवं होतं. दोन ट्रॅकांच्या ओळी एकाच दिशेला झुकत असतील, तर ते ऐकायलाही जवळचे. माझ्या जुन्या लॅपटॉपला सगळं मोजायला दोन रात्री लागल्या.

पहिल्याच शोधात डब टेक्नो दिलं आणि डब टेक्नोच मिळालं. आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. पहिले पाच-सहा निकाल इतके सारखे होते की ऐकून उपयोग नव्हता. शिवाय त्यांतले तीन एकाच अल्बममधले. आता मी एका कलाकाराचा एकच ट्रॅक येऊ देते आणि साधारण पंधराव्या क्रमांकापासून ऐकायला बसते. पंधरा ते चाळीस हा पट्टा सर्वांत कसदार. तिथे पोत ओळखीचा असतो आणि बांधणी वेगळी.

दुसरी दुरुस्ती करायला मला तीन महिने लागले, ती तुम्ही पहिल्या दिवशीच करा. मी सुरुवातीला पूर्ण ट्रॅकच्या आकड्यांची सरासरी काढत होते. बारा मिनिटांचा ट्रॅक सहा मिनिटं नुसता वाहतो आणि सातव्या मिनिटाला ठेका धरतो. त्याची सरासरी धड ॲम्बियंटमध्येही (ठेक्याविना तरंगणाऱ्या संगीतात) बसत नाही आणि टेक्नोमध्येही. मग मी प्रत्येक ट्रॅकचे तीस-तीस सेकंदांचे भाग केले आणि भागाशी भाग ताडून पाहिला. सगळ्या भागांचे आकडे मिळून ७०० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे काहीच नाही. त्यानंतर लांब ट्रॅक वर येऊ लागले, आणि माझ्या मते या संग्रहाचा जीव लांब ट्रॅकांतच आहे.

काही ट्रॅक प्रत्येक शोधात हजर असतात, गावातला एखादा माणूस प्रत्येक लग्नात दिसावा तसे. ते वाईट नसतात, पण आकड्यांच्या या जगात अशी काही मध्यवर्ती ठिकाणं तयार होतातच. माझ्याकडे असे तीसेक निघाले, ते मी बाजूला काढले. जुन्या तबकडीची खरखर असलेले ट्रॅकही एकमेकांना धरून बसतात, संगीत काहीही असो. आणि १६ किलोहर्ट्झवर आणलेल्या आवाजात ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, त्यामुळे हायहॅटची, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजेची, वरची झळाळी हिशेबात येत नाही. ते कानानेच तपासावं लागतं.

आता मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेली गोष्ट. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा ती तबकडी फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि शिकागोचं ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या तबकडीने गाजण्याच्या पाच वर्षं आधी तोच ३०३ चा पिळदार आवाज मुंबईत वाजला होता, हे जगाला कळलं. मी तिच्यातला भैरव शोधाला दिला. निकालांत ॲसिडची रांग लागली. सन, देश, प्रसिद्धी यांतलं काहीही मॉडेलला ठाऊक नसताना त्याने नुसत्या आवाजावरून हे नातं जुळवलं. ते बघून मी खरोखर हरखून गेले.

मग त्याच तबकडीतला यमन दिला. निकाल जवळजवळ तेच. मी सहा वर्षं गाणं शिकले आहे. भैरव म्हणजे कोमल रिषभ-धैवत, पहाट. यमन म्हणजे तीव्र मध्यम, दिवेलागण. माझ्या कानाला या दोघांत अख्खा दिवस आहे, आणि मॉडेलला ते सख्खे शेजारी, कारण यंत्रं तीच आणि ठेका तोच. उलट भैरवातला एखादा बडा ख्याल दिला, तर तो या भैरवापासून पार दुसऱ्या टोकाला जातो. म्हणजे हे मॉडेल नाद ऐकतं, स्वर जवळजवळ ऐकतच नाही.

त्यावर उपाय एसेन्शियातच सापडला. बारा स्वरांपैकी कोणता किती वाजला हे मोजायची सोय त्यात आहे. षड्ज कुठेही असू शकतो, म्हणून बाराही जागा फिरवून ताडायचं. दोन स्वरांवर चालणाऱ्या टेक्नोत याचा काही उपयोग नाही. ॲम्बियंटमध्ये मात्र या चाळणीने मला एक वीस मिनिटांचा ट्रॅक दिला. खाली षड्जाचा सलग नाद, आणि वर कोमल रिषभ येतो, थरथरतो, पुन्हा षड्जात मिटतो. तो करणाऱ्याने भैरव ऐकला असेल का, हे त्या पानावरून समजत नाही. मी तो त्या रात्री तीनदा ऐकला.

दुसऱ्याला सुचवण्याचं काम मात्र यंत्रावर सोडता येत नाही. माझा मावसभाऊ नाशिकला अंबड एमआयडीसीत रात्रपाळी करतो. त्याने फोनवर विचारलं, “ताई, मागे वाजत राहील पण झोप येऊ देणार नाही असं काही आहे का तुझ्याकडे?” मी त्याला ११८ ते १२२ बीपीएममधले (मिनिटाला तेवढे ठोके), आवाजाने एकमेकांना लागून असलेले चौदा ट्रॅक पाठवले. बीपीएम वेगळं मोजून घेतलं होतं, कारण दोन सेकंदांच्या तुकड्यांवर चालणाऱ्या या मॉडेलचा वेगाबाबत भरवसा धरता येत नाही. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला : “सगळे चांगले आहेत, पण सगळे एकच आहेत.” बरोबरच होतं. पुढच्या वेळी मी जवळचे चार, मग थोडा लांबचा एक, पुन्हा जवळचे तीन अशी माळ ओवली आणि प्रत्येकाबद्दल एक ओळ लिहून दिली : इथे सहाव्या मिनिटापर्यंत थांब, इथे बास उशिरा येतो. ती यादी तो अजून वाजवतो.

कुणाला बसवायचं असेल तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची थोडी ओळख हवी. लिनक्सवर ते सरळ चालतं. मॉडेल बिगरव्यापारी वापरासाठी आहे, हे लक्षात ठेवा. घरचा संग्रह हजार ट्रॅकांपेक्षा लहान असेल, तर एवढा खटाटोप करू नका, तेवढं संगीत आपल्याला पाठच असतं. मी पुढच्या महिन्यात आणखी ५,००० ट्रॅक घालणार आहे. मावसभावाला तो वीस मिनिटांचा भैरवासारखा ट्रॅकही पाठवला आहे, सोबत एकच ओळ लिहून : पाळी संपल्यावर, घरी येताना ऐक.