पहिल्या पिढीच्या मस्टँगसाठी वेल्डिंगचे सबफ्रेम कनेक्टर: नळ्या दणकट, टोकं कच्ची

फोर्ड मस्टँग 1964 च्या एप्रिलमध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिला वेगळी चॅसी नाहीच. पुढच्या रेल्स (पत्र्याच्या पोकळ तुळया) पुढच्या सीटखाली संपतात, मागच्या रेल्स मागच्या सीटच्या पुढे सुरू होतात. मधलं अंतर सांभाळतात ते फ्लोअरचा पातळ पत्रा, मधला बोगदा (गिअरबॉक्स आणि शाफ्ट झाकणारा उंचवटा) आणि दारांखालचे रॉकर. व्ही-8 चा जोर आणि रुंद टायर आले की हा मधला भाग पिळतो. पुढचा एकच कोपरा जॅकवर उचला आणि त्या बाजूचं दार लावून पाहा. कडी अडकत असेल किंवा दारामागची फट वर-खाली कमीजास्त झाली असेल, तर पीळ डोळ्यांनी दिसतो.

त्यावर मिळणारं सबफ्रेम कनेक्टरचं हे किट म्हणजे पुढची आणि मागची रेल जोडणाऱ्या 50 × 75 मिमीच्या, 3 मिमी जाडीच्या दोन चौकोनी नळ्या आणि टोकांना रेलवर बसणाऱ्या खोबणी. वजन मीटरला साधारण साडेपाच किलो. रंग नाही, गॅल्व्हनाइज नाही, नुसतं काळं लोखंड, आणि वेल्डिंगसाठी तेच बरं. नटबोल्टवाले कनेक्टर स्वस्त पडतात, पण रेलचा पत्रा 2 मिमीच्या आसपासचा. सततच्या पिळाने भोकं लंबगोल होतात आणि काही काळाने कनेक्टर नुसता लटकत राहतो. म्हणून वेल्डिंगचाच प्रकार घ्यावा.

किटसोबतच्या सूचनापत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका ओळीत उरकली आहे: गाडी उभी कशी आहे. वेल्ड थंड झाला की गाडी त्या क्षणी ज्या आकारात असेल, त्याच आकारात कायमची बांधली जाते. दोन खांबांच्या लिफ्टवर नाक आणि शेपूट दोन्ही लोंबतात. तिथे वेल्ड केलं तर वाकडी गाडी पक्की होईल, एवढंच. चार खांबांची लिफ्ट किंवा रॅम्प हवा, म्हणजे वजन चाकांवर राहतं. ते नसेल तर टेकू मागच्या अ‍ॅक्सलखाली आणि पुढच्या लोअर आर्मखाली (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली) द्यावेत, मधे कुठेही नाही. दारं बसवलेली आणि बंद, इंजिन जागेवर. ओळंबा सोडून रेलवरच्या चार खुणा जमिनीवर उतरवा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक 3 मिमीपेक्षा जास्त निघाला तर आधी गाडी सरळ करायला हवी. कनव्हर्टिबलमध्ये छत नसल्यामुळे हे दुप्पट खरं, आणि तिथे रॉकर गंजलेले असतील तर कनेक्टरच्या आधी त्यांचा नंबर.

पेट्रोलची टाकी काढून बाहेर ठेवा. 1970 पर्यंतच्या या गाड्यांत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे ती वरून बोल्ट सोडून निघते. आळसाला सबब नाही. सीट, कार्पेट आणि डांबरी पॅड काढा, नाहीतर खालून वेल्ड करताना वर धूर सुरू होतो आणि तुम्हाला कळत नाही. आत बादली घेऊन एक माणूस हवाच. इंधन आणि ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल बाजूला बांधा, बॅटरी काढा. आणि ग्रीस काढायला क्लोरीनचा ब्रेक क्लीनर वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे. अ‍ॅसिटोनने पुसून पूर्ण सुकू द्या.

आता किटची खोट. टोकं सरळ काटकोनात कापलेली येतात. तशीच बसवली तर रेलवर आडवा वेल्ड पडतो. जाड, ताठ नळी जिथे एकदम संपते तिथेच सगळा ताण गोळा होतो, आणि वेल्डच्या कडेने रेलला तडा जातो. टोकं ग्राइंडरने माशाच्या शेपटीसारखी दुतोंडी कापून घ्यावीत, म्हणजे वेल्ड रेलच्या लांबीने तिरका उतरतो. आडवी कड वेल्ड न करता सोडावी. दीडएक तासाचं काम, पण एवढ्या किमतीत विक्रेत्याने ते करून द्यायला हरकत नव्हती.

खोबण रेलवर चपखल बसत नाही, कारण पन्नासएक वर्षं जॅक लावून लावून रेलचा तळ चेपलेला असतो. फट दीड मिमीच्या वर गेली तर ती वेल्डने भरू नका. रेल ठोकून सपाट करा.

मिग मशीन (तार आपोआप पुरवणारं वेल्डिंग यंत्र), 0.8 मिमी तार, 75 टक्के आर्गॉन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड. आधी चारही टोकांना टाके, मग कर्ण आणि दारांच्या फटी पुन्हा मोजा, मगच पुढे. आर्कचा रोख जाड नळीवर ठेवून वितळलेल्या धातूचं डबकं पातळ पत्र्याकडे ओढा. उलटं केलंत तर रेलला भोक पडेल. फ्लोअरचा पत्रा जेमतेम 1 मिमीचा, तिथे दर 100 मिमीला 25 मिमीचा टाका आणि दर टाक्याला बाजू बदल. पाणी मारून थंड करू नका, पत्रा वेडावाकडा होतो. फ्लोअरला असं शिवल्याशिवाय पिळावर फारसा फरक पडत नाही. दोन टोकांनाच जोडलेला कनेक्टर मुख्यतः वाक रोखतो.

नळीचं शेवटचं टोक बंद करताना आतली गरम हवा डबकं फोडून बाहेर येते आणि वेल्डला भोक राहतं. तळाला 8 मिमीचं छिद्र आधीच पाडा; पुढे पाणी तिथूनच निघतं आणि गंजरोधक मेणही तिथूनच आत मारता येतं. फ्लोअरच्या टाक्यांमधल्या फटींना सीम सीलर, वर प्रायमर आणि अंडरकोट.

रेलला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. आत घुसत असेल तर हे किट अजून घेऊ नका. कुजलेल्या रेलला 3 मिमीची नळी जोडली तर नळी तेवढी शाबूत राहते. पुढच्या शॉक टॉवरचे (सस्पेन्शनचं वरचं टोक धरणाऱ्या पत्र्याचे) तडेही याने थांबत नाहीत, त्यांना वेगळ्या पट्ट्या लागतात. दुहेरी एक्झॉस्ट असेल तर विकत घेण्याआधी खाली जाऊन मोजा: पाइप आणि नळी यांत 20 मिमी तरी मोकळे हवेत, नाहीतर इंजिन हललं की खडखड सुरू.