सीप्झच्या गेटापासून सहा मिनिटांवरचं पाळणाघर : साडेतीन तारे

आधीच सांगते, माझं मूल इथे नाही. माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला सासूबाईंनी दिवा गावात वाढवलं, पाळणाघराचं तोंडही न बघता. मी सीप्झमधल्या, म्हणजे अंधेरीच्या निर्यात क्षेत्रातल्या, एका दागिन्यांच्या युनिटमध्ये वॅक्स सेटिंगची सुपरवायझर. हाताखाली बेचाळीस बायका. त्यांच्यातल्या नऊ जणींची मुलं गेलं दीड वर्ष इथे येतात. पैसे कंपनी भरते आणि दर महिन्याच्या बिलावर पहिली सही माझी असते, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क आहे असं समजते.

जागा एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला, जुन्या सोसायटीचा तळमजला. तीन खोल्या. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि हा नियम मलाही. मी आजवर चार-पाच वेळा न कळवता गेले आहे. दर वेळी फरशी कोरडी होती, आणि पावसाळ्यात मुंबईत तळमजल्याची फरशी कोरडी ठेवणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. वर्षाच्या आतली बाळं वेगळ्या खोलीत. तीन मावश्या आहेत, त्यातल्या रत्नागिरीकडच्या मावशींना पैकीच्या पैकी. आमच्या एकीचा मुलगा पहिला आठवडा नुसता रडत होता. मावशींनी त्याला उपडं पातेलं आणि चमचा दिला आणि स्वतः शेजारी बसून मटार सोलत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात तो सकाळी आईचा हात सोडून पातेलं शोधायला पळायला लागला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे, जेवणाची सुट्टी त्यातच धरून. वाचायला छान आहे. आमच्याकडे एक फेरी म्हणजे काय ते ऐका.

आमच्या बायका दागिन्याच्या मेणाच्या नमुन्यात बारीक खडे बसवतात, मग तो नमुना कास्टिंगला, म्हणजे धातू ओतायला जातो. सकाळी प्रत्येकीला खडे मोजून दिलेले असतात. टेबल सोडायचं तर खडे पुन्हा मोजायचे, ट्रे काउंटरला जमा करायचा, सही करायची, मग दारावर झडती, मग चालत सहा मिनिटं. येताना हेच उलटं. बाळाजवळ पंधरा मिनिटं बसायचं म्हणून पाऊण तास जायचा. चार फेऱ्यांचे तीन तास. अमेरिकेच्या ख्रिसमसचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, तेव्हा तर एकेक तास मोजलेला. साहेब म्हणाले, “ताई, मग या सेटिंग कधी करणार?” खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आम्ही नाही का पोरं वाढवली, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं.

गिळलं ते, कारण माझ्या वहीत दुसराच हिशेब होता. आदल्या वर्षात बाळंतपणानंतर पाच जणी परत आल्याच नाहीत. सगळ्या सात-आठ वर्षांच्या हाताच्या. नवीन मुलगी रोजच्या ठरलेल्या पीसच्या आकड्यावर यायला आमच्याकडे तीन-चार महिने जातात, तोवर तिने मोडलेलं मेण आणि सांडलेले खडे कंपनीचेच. पाळणाघराचा दर मुलामागे महिना साडेसहा हजार. साहेबांपुढे गेले तेव्हा बाळांचं नावही काढलं नाही. मेण आणि खडे एवढंच बोलले. सही झाली.

मोजणीचा तोडगा मात्र बायकांनीच काढला. ट्रे आता झाकणाच्या डब्यात जातो, डब्याला नंबराचं सील, त्यावर तिची आणि माझी सही. मोजणी दिवसाअखेर एकदाच. फेरीचा वेळ बराच कमी झाला. अंगावर पिणारी बाळं आहेत त्यांच्या आया तीनदा जातात, बाकीच्या जेवणाच्या सुट्टीत एकदा. आजवर एकाही खड्याची चूक निघालेली नाही, आणि हे मी टेबल ठोकून लिहितेय.

फोटोंची गंमत वेगळीच. पाळणाघर दुपारी मुलांचे फोटो पाठवतं. आमच्या फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, म्हणून सगळे फोटो येतात माझ्या केबिनमधल्या फोनवर. चहाच्या वेळी नऊ जणी दारात उभ्या. भिंग कपाळावर सरकवून एक जण रोज तोच प्रश्न विचारते, “ताई, जेवलाय का हा?” फोटोत पोरगं झोपलेलं असतं. मी रोज सांगते, जेवलाय.

आता दीड तारा कुठे गेला ते. पाळणाघर साडेसहाला बंद म्हणजे बंद. पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाला शंभर रुपये. पहिल्या सीझनमध्ये शिपमेंटसाठी आम्ही बायकांना आठपर्यंत थांबवलं आणि ते शंभर-शंभर त्यांच्याच पगारातून गेले. दोन महिने माझ्या लक्षातही आलं नाही. ज्या ओव्हरटाइमचे पैसे आम्ही एका हाताने देत होतो त्यातले दुसऱ्या हाताने काढून घेत होतो. आता ती रक्कम ओव्हरटाइमच्या खर्चात धरली जाते. पण सीप्झच्या दारात पाळणाघर चालवायचं आणि सीप्झची वेळ माहीत नसावी, हे काही पटत नाही. दुसरं, अंग जरा कोमट लागलं की लगेच फोन. नियम बरोबर असेल, पण एकदा नुसतं गोधडीत गुंडाळलेलं पोर होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. ओव्हरटाइमच नाही म्हटल्यावर साडेसहाचा प्रश्न आपोआप मिटला. असा मिटायला नको होता. खर्चकपातीच्या यादीत पाळणाघर तिसऱ्या नंबरला होतं. कायद्यामुळे बंद करता येत नाही, म्हणून आमच्याच मजल्यावरची स्टोअरची खोली रंगवून द्यायचं ठरत होतं. भिंतीपलीकडे कास्टिंगची भट्टी आणि ॲसिडची टाकी. मी साहेबांना म्हटलं, आधी खोली बघून घेऊ. दहा मिनिटं आत उभे राहिलो. त्यांनी दोनदा मान पुसली आणि खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

हे फुकटात नाही टळलं पण. मुलांचं जेवण पॅकेजमधून काढलं, मुलामागे बाराशे वाचले. तो पर्याय मीच सुचवला होता. आता बायका पहाटे दोन डबे भरतात. एकीने तोंडावर विचारलं, “ताई, कापायला पोरांचंच ताट सापडलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑर्डरी परत आल्या की पहिलं ताट परत, असं मी वहीत लिहून ठेवलंय आणि तिला दाखवलंयही. तिने वाचलं आणि टेबलावर जाऊन बसली.

तुमच्या युनिटसाठी बघायला जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमाराला जा, मुलं जागी असतात आणि मावश्यांचे हात कसे चालतात ते दिसतं. दुपारी एक ते तीन बेल वाजवू नका. आणि दर ठरवतानाच साडेसहानंतरचं काय ते लेखी घ्या.