पोस्टडॉकच्या नावाखाली 955 युरो उकळले, कुणीही पैसे भरू नका

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, शोधणाऱ्या सगळ्यांनी वाचा आणि आपापल्या लॅबच्या ग्रुपवर टाका. 340 युरो होस्टिंग अॅग्रीमेंटची (परदेशी संशोधकाच्या व्हिसासाठी विद्यापीठ करतं तो करार) प्रोसेसिंग फी, 615 युरो हेल्थ इन्शुरन्सचा अॅडव्हान्स, एकूण माझे 955 युरो गेले आणि पोस्ट मुळात नव्हतीच.

खोटी जाहिरात, खरा लोगो, गोड मेल, हे तुम्हाला माहितीच आहे. पण इथे प्रोफेसर खरे होते हो! नाव खरं, फोटो खरा, त्यांचे रिसर्च पेपर मी माझ्या थिसिसमध्ये संदर्भ म्हणून दिलेले. मेलचा डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, तेवढा खोटा, विद्यापीठाच्या नावात एक जादा हायफन आणि शेवटी डॉट कॉम. एवढं दिसलं नाही का, असं आता सगळे विचारतात. मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पत्ता नाही, हे कुणी बोलत नाही.

मला चीड येते ती रेफरन्सची. माझ्या कामाबद्दल सांगू शकतील अशा तिघांची नावं मागितली, मी दिली, ऑफर लेटर हातात आलं तरी तिघांपैकी एकालाही मेल गेलेला नव्हता. गाइड विचारत होते, "अरे, मला अजून काहीच आलं नाही, लिंक पाठवली का त्यांनी?" मी म्हटलं, पाठवतील सर. खरं तर तिथेच सगळं उघडं पडलं होतं! इंटरव्ह्यूही तसाच, त्यांचा कॅमेरा बंद, माझ्या कामावर एक प्रश्न नाही, थेट जॉइन कधी होणार. खरा पीआय, म्हणजे लॅबचा प्रमुख, डेटावरून घाम काढल्याशिवाय सोडतो का?

पैसे भरलेच कसे म्हणणाऱ्यांनो, या क्षेत्रात आधी स्वतः भरा, मग परत मिळतील हेच चालतं. इंटरव्ह्यूचं तिकीट, कॉन्फरन्स फी, सगळं आधी आपल्या खिशातून, मग बिलं जोडा आणि वाट बघा. त्यात फेलोशिप संपत आलेली, कितीतरी अर्जांना साधा नकारही नाही, अशा वेळी "पहिल्या पगारात परत" हे कुणालाही खरंच वाटलं असतं.

फ्लॅटचं डिपॉझिट म्हणून 1,100 युरो मागितले तेव्हा रिसर्च पेपरवरच्या ईमेल पत्त्यावर खऱ्या प्रोफेसरांना लिहिलं. जागा नाही, आणि असं विचारणारे तुम्ही पहिले नाही, असं उत्तर आलं. म्हणजे विद्यापीठाला माहिती होतं! तरी साइटवर एक ओळ नाही. विद्यापीठाच्या एचआरने कळवलं, तुमचा आमच्याशी काही संबंध नाही. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलात, पोलीस म्हणतात खातं परदेशातलं, तिकडे तक्रार करा, तिकडचे म्हणतात तुमच्याकडे करा. जॉब पोर्टलने जाहिरात गुपचूप काढली, पण बाकीच्या अर्जदारांना कळवा म्हटलं तर प्रायव्हसी आडवी येते. चोराची प्रायव्हसी सांभाळताय का?

ऑफरमध्ये युरोपियन युनियनची मेरी क्युरी फेलोशिप मंजूर झाल्याचं लिहिलं होतं. ती वैयक्तिक पोस्टडॉक फेलोशिप अशी आयती मिळत नाही, सुपरवायझरसोबत प्रपोजल तुम्ही स्वतः लिहिता आणि ते युरोपियन कमिशनच्या पोर्टलवर जातं. प्रपोजल न लिहिता सिलेक्शन म्हणजे सरळ खोटं. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या पत्त्यातलं डॉट एसी डॉट यूके कुणालाही विकत घेता येत नाही, पण सगळ्या देशांत अशी सोय नाही, तेव्हा पत्ता विद्यापीठाच्या साइटशी अक्षर न् अक्षर जुळवा. डोमेन कधी रजिस्टर झाला ते हूइज (WHOIS) या डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर फुकट बघता येतं. पैसे घेणारं खातं एखाद्या माणसाच्या नावावर असेल तर तिथेच थांबा. आणि नोकरी देणारं विद्यापीठ प्रोसेसिंग फी मागत नाही, 10 युरोसुद्धा नाही. मागितली तर उत्तर देऊ नका, त्या प्रोफेसरांच्या खऱ्या पत्त्यावर मेल टाका.