ॲकॉस्टिक गिटार हाताला हलकी करायची आहे: बारीक तारा घ्याव्यात की सेटअप करावा?

एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा) धरला की एखादी तार मुकी राहते, अर्ध्या तासात बोटांची टोकं हुळहुळतात. अशा वेळी बहुतेक जण दुकानात जाऊन बारीक तारांचा सेट आणतात. कधी तेवढ्याने काम होतं. पण दोष नटमध्ये (नेकच्या, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा सॅडलमध्ये (खाली ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) असेल, तर नव्या ताराही तितक्याच उंचावर बसतात. म्हणून आधी दोन मापं घ्या.

पहिलं माप बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). गिटार नेहमीच्या सुरात लावून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. सहाव्या (सर्वांत जाड) तारेखाली २.३ ते २.५ मिमी आणि पहिलीखाली (सर्वांत बारीक) १.७ ते १.९ मिमी असेल तर ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, ठीक आहे. दोन्हीकडे ३ मिमीच्या वर असेल तर सेटअप (नेक, सॅडल, नट जुळवून घेणं) हवाच. दुसरं माप नटपाशी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. साध्या कागदाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी उरायला हवी. फट मोठी दिसली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवून पाहा. कॅपोसह गिटार एकदम सोपी वाटली, तर दोष नटचाच आहे.

बारीक तारांचा फायदा खरा आहे, आणि तो आकड्यांत दिसतो. सेटवरचा १२, ११, १० हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. सूर तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १२ ची पहिली तार सुमारे १०.५ किलो ताणाने ओढलेली असते, १० ची सव्वासात किलोच्या आसपास. सहा तारा मिळून १२-५३ च्या (दुसरा आकडा सहाव्या तारेचा) सेटचा ताण ७४ किलोच्या जवळ जातो, १०-४७ चा साठीच्या आसपास राहतो. बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

याची किंमत आवाजात मोजावी लागते. मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारला १० च्या तारा लावल्या की खर्ज पातळ होतो. बारीक तार जास्त रुंद हेलकावते, त्यामुळे जोरात स्ट्रमिंग केलं की फ्रेटवर आपटून खरखरते. शिवाय ताण घटला की नेक थोडी मागे जाते आणि खरखर आणखी वाढते. बोटांनी छेडून वाजवणाऱ्याला १० चालतील. गाण्याला साथ म्हणून स्ट्रमिंग करणाऱ्याने ११-५२ वर थांबावं.

फुकटचा उपाय म्हणजे सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावणे. ताण सुमारे ११ टक्के उतरतो, म्हणजे १२ चा सेट जवळपास ११ सारखा वाटतो. इतरांबरोबर वाजवायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की सूर जागेवर येतो, आणि उंच नटची अडचणही तात्पुरती टळते. नवशिक्याने पैसे खर्च करण्याआधी आठवडाभर हे करून पाहावं.

आता सेटअप. यात सर्वांत जास्त गैरसमज ट्रस रॉडबद्दल, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईबद्दल आहे. ट्रस रॉड ॲक्शन कमी करण्यासाठी नसतो, नेकचा बाक ठरवण्यासाठी असतो. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. जास्त असेल तर ॲलन की घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, पुन्हा सूर लावा आणि पुन्हा मोजा. की अडली तर तिथेच थांबा. जोर लावून रॉड तुटला तर दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडू शकते.

बाक ठीक असूनही बाराव्या फ्रेटवर तार उंच असेल तर सॅडल घासायचा. हिशोब दुपटीचा आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा, तर सॅडल १ मिमी कमी करावा लागतो. सॅडल बाहेर काढून खालच्या बाजूला पेन्सिलने रेघ मारा. १२० नंबरचा सँडपेपर काचेवर चिकटवून त्यावर सॅडल उभा धरून घासा. तळ वाकडा झाला तर आवाज दबतो, आणि खाली पिझो पिकअप (तारांचं कंपन ॲम्पकडे पाठवणारी पट्टी) असेल तर काही तारा ॲम्पमध्ये मंद ऐकू येतात. घासलेला सॅडल परत उंच होत नाही, म्हणून मूळ सॅडल जपून ठेवा आणि काम नव्या हाडाच्या सॅडलवर करा. हे काम धीराने घरी जमतं.

नटचं काम मात्र जाणकाराकडेच द्यावं. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी फाइल लागते, आणि खाच हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या टोकाकडे) किंचित उतरती ठेवावी लागते. ती सपाट राहिली तर मोकळ्या तारेला सतारीच्या जवारीसारखी झणझण येते. मिरजेचे सतार बनवणारे कारागीर जी झणझण मेहनतीने जुळवतात, तीच गिटारवर दोष ठरते. खाच जास्त खोल गेली तर नट नवा बसवावा लागतो. पण एफ कॉर्डसाठी झगडणाऱ्याला सगळ्यात मोठा दिलासा इथेच मिळतो, तारांपेक्षाही जास्त. नट उंच निघाला तर पैसे आधी इथे घाला, तारांचा विचार नंतर.

सॅडल घासण्याची वेळही बघावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारचा वरचा पत्रा (पुढची लाकडी फळी) फुगतो आणि ॲक्शन चढते. जुलैत घासलेला सॅडल हवा कोरडी झाली की खरखर करू लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात याच्या उलट, पत्रा बसतो आणि तारा खाली येतात. अशा हवेत उंच आणि बुटका असे दोन सॅडल ठेवणं सोयीचं.

सॅडल ब्रिजच्या वर २ मिमीहूनही कमी उरला आणि तारा तरी उंचच असतील, तर नेकचा कोन बिघडलेला आहे. चांगल्या गिटारची नेक काढून पुन्हा बसवून घ्यावी. स्वस्त गिटारवर तो खर्च परवडत नाही. तिथे १० च्या तारा आणि अर्धा सूर खाली, हा जोडउपाय योग्य. स्टीलच्या गिटारला क्लासिकलच्या नायलॉन तारा मात्र लावू नका. त्यांच्या टोकाला बहुधा गोळी नसते, ब्रिजच्या पिनांमध्ये त्या धरत नाहीत, आणि इतक्या कमी ताणावर पत्रा नीट बोलत नाही.