आर्डुइनो, ए४९८८ आणि नेमा १७: कॅमेरा स्लायडरवर काही महिने चालवल्यानंतर

कॅमेरा स्लायडरसाठी (कॅमेरा रुळावर सरकवणारं साधन) नेमा १७ ही स्टेपर मोटर (ठराविक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणारी), तिला करंट पुरवणारा ए४९८८ ड्रायव्हर आणि त्याला हुकूम देणारा आर्डुइनो उनो बोर्ड असा संच जोडला, त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात ड्रायव्हर बदलला, नंतर बोर्डही बदलला. मोटर मात्र पहिलीच आहे. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: स्टेपर नीट चालणं बोर्डावर फार कमी अवलंबून असतं. ड्रायव्हरमध्ये बसवलेला करंट, पॉवर सप्लायचं व्होल्टेज आणि वेग किती हळूहळू वाढवता, या तीन गोष्टींवर सगळा खेळ आहे.

कारण साधं आहे. बोर्ड पल्स (विजेचे छोटे ठोके) पाठवतो आणि मोटर तेवढी फिरली असं धरून चालतो. खरोखर फिरली का, हे त्याला कधीच कळत नाही. एक स्टेप चुकली की तिथून पुढची प्रत्येक जागा चुकीची, आणि प्रोग्रॅम मात्र निर्धास्त. म्हणून स्टेप चुकूच नये याची तजवीज आधीच करावी लागते.

सुरुवात करंटपासून. ए४९८८वर एक छोटा पोटेन्शिओमीटर असतो. त्यावर मल्टिमीटरने व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारं व्होल्टेज) मोजायचं आणि सूत्राने करंट काढायचा: व्हीरेफ भागिले सेन्स रेझिस्टरच्या (करंट मोजणाऱ्या रेझिस्टरच्या) आठपट. हा रेझिस्टर सगळ्या मॉड्यूलवर सारखा नसतो. आर१०० (०.१ ओहम) लिहिलेला असेल तर एक अँपिअरला ०.८ व्होल्ट लागतात, आर०५० (०.०५ ओहम) असेल तर ०.४ व्होल्ट. एका मॉड्यूलचा आकडा डोळे झाकून दुसऱ्याला लावला तर करंट थेट दुप्पट किंवा निम्मा होतो. तेव्हा भिंग घ्या आणि रेझिस्टरवरचा आकडा वाचा. मोटरवर लिहिलेल्या कमाल करंटपर्यंत जायची गरज मला कधी पडली नाही. साधारण एक अँपिअरवर कॅमेरा आरामात सरकतो, आणि त्याच्या वर गेल्यास ए४९८८ला हीटसिंक हवाच.

मोटर आणि ड्रायव्हर यांच्यातली वायर चालू सप्लायवर कधीच काढू नका, ड्रायव्हर जागीच जातो. मोटर सप्लायच्या पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मी पहिल्या दिवसापासून लावलाय आणि एकही ड्रायव्हर गमावलेला नाही. कॉइलच्या जोड्या ओळखायची एक सोपी युक्ती: दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट हाताने फिरवा. जड फिरला तर त्या एकाच कॉइलच्या. जोड्या उलटसुलट लागल्या की मोटर जागच्या जागी घुरघुरत राहते.

सप्लाय बारा व्होल्टचा होता, तो चोवीसचा केला आणि फरक लगेच जाणवला. मोटरवर तर दोन-तीन व्होल्ट लिहिलेले असतात, मग चोवीस कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. कॉइलमध्ये इंडक्टन्स असतो, त्यामुळे करंट चढायला वेळ लागतो. मोटर जितकी जलद फिरेल तितका हा वेळ कमी मिळतो आणि टॉर्क (फिरवायची ताकद) घसरतो. व्होल्टेज जास्त असेल तर करंट लवकर चढतो, आणि ठरवलेल्या मर्यादेपुढे ड्रायव्हर त्याला जाऊच देत नाही. एल२९८एन या दुसऱ्या ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये ही मर्यादा राखायची सोय नसते, म्हणून अशा कामासाठी ते घेऊ नये असं मी सांगेन.

आता वेगाचं गणित. जीटी२ हा दात्यांचा बेल्ट आणि वीस दातांची पुली म्हणजे एका फेरीत ४० मिलिमीटर. मोटर एका फेरीत २०० स्टेप घेते. एका स्टेपचे सोळा भाग केले (१/१६ मायक्रोस्टेपिंग) की ३,२०० पल्स, म्हणजेच मिलिमीटरला ८०. अ‍ॅक्सेलस्टेपर ही लायब्ररी (मोटर चालवायचा तयार कोड) १६ मेगाहर्ट्झच्या उनोवर सेकंदाला साधारण ४,००० पल्सपर्यंत भरवशाने जाते. म्हणजे स्लायडरचा कमाल वेग सेकंदाला ५० मिलिमीटर. टाइमलॅप्ससाठी हा भरपूर, व्हिडिओसाठी अपुरा. शिवाय त्या लायब्ररीचं रन हे फंक्शन सतत बोलवावं लागतं. मध्येच एलसीडीवर काही लिहायला गेलात की मोटर अडखळते आणि ते थेट चित्रात दिसतं. तरीही ती लायब्ररी मला आवडते. वेग हळूहळू वाढवण्याची आणि कमी करण्याची सोय तिच्यात फार नेटकी आहे, आणि स्टेप चुकणं थांबवण्यात सर्वांत मोठा वाटा त्याच सोयीचा आहे. पुढे मी ईएसपी३२ हा बोर्ड घेतला आणि पल्स त्याच्या हार्डवेअर टायमरकडे (प्रोग्रॅमची वाट न बघता चालणाऱ्या घड्याळाकडे) सोपवले. तेव्हापासून डिस्प्ले आणि मोटर एकमेकांच्या आड येत नाहीत.

मायक्रोस्टेपिंगबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो: भाग जितके जास्त तितकी अचूकता जास्त. अचूकता तेवढी वाढत नाही, हालचाल मऊ होते. १/१६ला एका मायक्रोस्टेपमागे मिळणारा टॉर्क पूर्ण टॉर्कच्या जेमतेम दहा टक्के असतो. घर्षण त्याहून जास्त असेल तर एक-दोन पल्स नुसतेच जातात आणि मग गाडी एकदम सरकते. पण कमी वेगातली थरथर त्याने खरोखर जाते, आणि कॅमेऱ्याला तेच हवं असतं.

सर्वांत समाधान दिलं ते टीएमसी२२०९ ड्रायव्हरने. ए४९८८वर मोटर चक्क गाते, व्हिडिओच्या आवाजात ते सूर स्पष्ट येतात. टीएमसी२२०९च्या स्टेल्थचॉप या शांत मोडमध्ये मोटर चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. बाहेरून १/८ने पल्स दिले तरी आत तो २५६ भाग करतो, म्हणून कमी पल्समध्ये जास्त वेग मिळतो आणि मऊपणाही टिकतो. चालताना एक करंट आणि थांबल्यावर त्याहून कमी, असं यूएआरटीवरून (बोर्डाशी बोलायच्या सीरियल जोडणीवरून) ठरवता येतं. तासन्‌तासच्या टाइमलॅप्समध्ये याचं मोल कळतं, कारण स्टेपर उभी असतानाही करंट खात असते आणि तापत राहते. ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या इनेबल पिनने करंट पूर्ण तोडला तर रोटर जवळच्या नैसर्गिक जागी उडी मारतो आणि फ्रेम हलते, म्हणून तो मार्ग मी वापरत नाही. स्टॉलगार्डने (मोटर अडली हे ओळखायची याच ड्रायव्हरची सोय) लिमिट स्विचशिवाय, म्हणजे टोकाला लावलेल्या बटणाशिवाय, शून्य जागा शोधता येते, असं वाचून मी उत्साहाने लावून पाहिलं. अगदी हळू वेगात त्याचा भरवसा नाही, म्हणून स्विच परत आला. स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींपासून दूर ठेवा आणि बोर्डाच्या आतल्या पुलअपवर (पिन मोकळी असताना तिचं व्होल्टेज वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका, बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावल्यापासून खोटे सिग्नल थांबले.

२८बीवायजे-४८ ही छोटी गिअरवाली मोटर शिकायला छान आहे, पण दिशा बदलताना तिच्या गिअरमधला ढिलेपणा इतका जाणवतो की कॅमेऱ्यासाठी मी तिचा विचार करणार नाही.

एक अडचण अजून बाकी आहे. स्लायडर तिरका किंवा उभा लावला आणि वीज गेली की बेल्टवरची गाडी कॅमेऱ्यासकट खाली येते. त्यासाठी आता टी८ लीड स्क्रू बसवतोय. आठ मिलिमीटर लीडचा (एका फेरीत तेवढं सरकवणारा) स्क्रू वजनाने उलटा फिरू शकतो, म्हणून दोन मिलिमीटरचा निवडला. बेल्टच्या मानाने वेग विसावा हिस्सा उरेल, पण उभ्या टाइमलॅप्सला तो पुरतो.