दोन सरकारी बँका, मालकीच्या दोन वाटा

मराठवाड्यातील खातेदाराच्या लेखी बँक ऑफ महाराष्ट्र आणि स्टेट बँक या दोन्ही सरकारीच. पहिली १९३५ मध्ये पुण्यात खासगी भागभांडवलावर स्थापन झाली आणि १९६९ च्या राष्ट्रीयीकरणात केंद्राकडे गेली. स्टेट बँकेची वाट लांबची आहे: १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेतून ती घडली तेव्हा बहुतांश मालकी रिझर्व्ह बँकेकडे होती, ती केंद्राने २००७ मध्ये स्वतःकडे घेतली. मात्र निजामाच्या राजवटीत १९४१ मध्ये स्थापन झालेली, उस्मानिया सिक्का या हैदराबाद संस्थानाच्या चलनाचा व्यवहार सांभाळणारी हैदराबाद स्टेट बँक पुढे भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी तिच्यात विलीन झाली. नांदेड-परभणीकडच्या जुन्या पासबुकांवर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ हेच नाव छापलेले आहे. म्हणूनच माझ्या मते या प्रदेशाचा इतिहास स्टेट बँकेत अधिक सामावला आहे.